मावशीची प्रत

घरातल्या चौसष्ट हजार फोटोंचं जतनकार्य शंभर टक्के यशस्वी झालं आणि त्यात मावशी पुसली गेली. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून मूळ विषयाकडे वळू.

माणूस जातो, फोटो राहतात. आणि ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न मागच्यांच्या गळ्यात पडतो. बाबांना हे सत्य निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी उमगलं. त्याआधीची सारी हयात त्यांनी यंत्रांच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळण्यात घालवली होती. तिथे एक नट हरवला तर बाबा जेवत नसत, आणि एकाच मापाचे नट दोन वेगळ्या खणांत सापडले तर इतरांना जेवू देत नसत. असा माणूस घरी बसला की घराचं गोदाम व्हायला कितीसा वेळ लागतो? डब्यांना क्रमांक पडले. चपलांना जागा नेमून दिल्या गेल्या. शेवटी आईने हात जोडले. "अहो, त्या फोटोंचं काय ते बघा. पण माझ्या स्वयंपाकघरातून निघा!"

अशा रीतीने छायाचित्र विभाग स्थापन झाला. कार्यालय, खिडकीखालचं टेबल. कर्मचारी, एक. मनुष्यबळ अपुरं असल्याची तक्रार त्या कर्मचाऱ्याने पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांकडे, म्हणजे स्वतःकडेच केली. (ती विचाराधीन आहे.)

विभागाच्या पाहणीचे निष्कर्ष गंभीर होते. तेवीस टक्के फोटो बोटांचे होते. अकरा टक्के खिशाच्या आतून काढलेले. सहा टक्के फोटोंत औषधांची रिकामी पाकिटं होती, जी औषधाच्या दुकानात दाखवायला म्हणून आईने काढली आणि दुकानात दाखवायला विसरली. उरलेल्यांत नातेवाईक होते आणि तेही बहुतेक डोळे मिटून. (बाबा 'एक, दोन' म्हटल्यावर 'तीन' म्हणायला इतका वेळ लावतात, की धडधाकट माणसालाही डुलकी लागावी.)

बाबांनी नियम केला, प्रत्येक फोटोच्या तीन प्रती. एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी कपाटातल्या हार्ड डिस्कवर, तिसरी घराबाहेर.

"घराबाहेर कशाला?" आईने विचारलं.

"घराला आग लागली तर? कॉम्प्युटर जळेल, कपाट जळेल."

"आणि आपण?"

"आपल्याला प्रत नसते," बाबा म्हणाले.

हे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हतं. आईला प्रत होती. तिची जुळी बहीण, म्हणजे मावशी, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि घरबसल्या शिवणकाम करायची. दोघी इतक्या सारख्या की शेजारीण एकीशी भांडून दुसरीकडे माफी मागायची. आई रुग्णालयात नर्स, कायम दिवसपाळीला. त्यामुळे आईच्या लेकीचं, म्हणजे ताईचं, लहानपण दोन पाळ्यांत पार पडलं. दिवसा मावशी, रात्री आई. ताईला न्हाऊ घालणं, चालायला शिकवणं, पडल्यावर जमिनीला फटके मारणं, ही सगळी दिवसपाळीची कामं होती.

घराबाहेरची तिसरी प्रत अर्थातच मावशीकडे गेली. तिने ती डिस्क जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटात, चांगल्या साड्यांच्या खाली ठेवली. स्वतःचा म्हणून तिच्याकडे एकही फोटो नव्हता. "मला कशाला वेगळे? तुमच्याकडे आहेतच की," असं ती म्हणायची. बाबा जुने अल्बम स्कॅन करून रद्दीत देत होते तेव्हाही तिने हेच म्हटलं, आणि वर गठ्ठा बांधायला सुतळी दिली.

मग बाबांनी चेहरे ओळखणारं एक सॉफ्टवेअर आणलं. त्याचा विनय वाखाणण्याजोगा होता. ते टपाल तिकिटाएवढे दोन चेहरे पुढे करायचं आणि नम्रपणे विचारायचं, 'ही एकच व्यक्ती आहे का?' एकदा त्याने एका बाजूला आई ठेवली, दुसऱ्या बाजूला मावशी. गोदामातला दंडक होता की सारखा दिसतो तो माल एका खणात. बाबांनी 'होय' दाबलं.

पुढचं सगळं तर्काला धरूनच झालं. मावशी जिथे एकटी होती ते फोटो 'आई' या खणात गेले. त्या खणात आता फार गर्दी झाली, तेव्हा प्रत्येक प्रसंगाचा एकच उत्तम फोटो ठेवून बाकीचे जादा ठरले. आणि जिथे दोघी शेजारी शेजारी होत्या तिथे सॉफ्टवेअरला एकच बाई दोनदा दिसली. असं कॅमेरा हलल्यावर होतं. ते सारे फोटो 'सदोष' म्हणून कचऱ्यात गेले. बाबांनी एका सकाळी तो कचरा समारंभपूर्वक रिकामा केला आणि उरलेल्या दोन्ही डिस्क पहिल्या प्रतीबरहुकूम करून घेतल्या. जतनाचा पाया शिस्त हा आहे. पहिल्या प्रतीत जे नाही ते तिसरीत असणं म्हणजे बेशिस्त.

तिसरी डिस्क मावशी स्वतः घेऊन आली होती आणि स्वतःच परत घेऊन गेली. पुन्हा ओढणी, पुन्हा साड्यांखाली.

संग्रह इतका आटोपशीर झाला की बाबांनी तो टीव्हीवर लावला. कित्येक आठवडे घरात चहा पिताना फोटो सरकत असायचे, खाली ठळक मथळे. 'आई आणि ताई, बाग.' 'आई आणि ताई, गोवर.' 'आई आणि ताई, शाळेचा पहिला दिवस.'

ताईला परदेशात नोकरी लागली. ती निघायच्या आदल्या आठवड्यात मावशी डिस्क पिशवीत घालून आली.

"भावोजी, जन्मात पहिल्यांदा काही मागतेय. शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो द्या. शाळेच्या फोटोग्राफरने काढलेला. पोर माझ्या कडेवर रडतेय आणि मीही रडतेय. चौकटीत घालून तिच्या सामानात ठेवते. तिकडे कोण आहे तिचं?"

फोटो दोन सेकंदांत सापडला. बाबांची छाती फुगली.

"हा घे. आई आणि ताई, शाळा."

"भावोजी, ती मी आहे."

"नोंद आईची आहे."

"नोंद असू दे. साडी माझी आहे."

"साड्या तुम्ही अदलाबदल करून नेसायचात. साडी पुरावा म्हणून धरता येत नाही."

"मग आम्ही दोघी एकत्र असलेला एखादा काढा. शेजारी ठेवून बघू."

बाबांनी शोध घेतला. उत्तर शून्य आलं. पुन्हा घेतला. शून्यात फरक पडला नाही.

"तुम्ही दोघी एकत्र कधी नव्हताच असं दिसतंय," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले.

"अहो, एका पोटात होतो आम्ही!"

"त्या काळातले फोटो विभागाकडे नाहीत."

साक्षीदार म्हणून ताईला हाक मारली गेली. ती बॅग भरता भरता आली आणि पडद्याकडे बघून हसली. "ए मावशी, काहीतरीच काय! मला पक्कं आठवतंय, आईच्या कडेवर होते मी. ही बघ ना, आईच आहे." आणि ती उरलेले मोजे शोधायला गेली.

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. शाळेच्या त्या पहिल्या दिवशी ती वॉर्डात होती. ज्यांना ज्यांना तिने इंजेक्शनं दिली त्यांचे दंडसुद्धा तिला आठवत होते. पण 'आईच्या कडेवर होते मी' हे वाक्य ऐकायची तिने इतकी वर्षं वाट पाहिली होती, की आता ते आलंच होतं तर परत कसं पाठवणार?

मावशीने तिच्याकडे पाहिलं. आईने ट्रेकडे पाहिलं.

"साखर किती घालू तुला?" आईने जन्मापासूनच्या बहिणीला विचारलं.

"तुला जितकी, तितकीच मला," मावशी म्हणाली. मग फुंकर मारत सगळा चहा प्यायली आणि उठली. "द्या ती डिस्क, भावोजी. ठेवते जपून. आगबिग लागली तर पंचाईत नको."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. विभागाने कारण अपचन असं ठरवलं.

तरी सर्व संबंधितांना, म्हणजे आपल्याला, विभागातर्फे नम्र विनंती करण्यात येते, की सदर मावशी आयुष्यभर दुसऱ्यांच्या समारंभांत मागच्या रांगेत, कुणाचं तरी मूल सांभाळत उभी राहिलेली असल्याने ती आपल्याही एखाद्या फोटोत असण्याची दाट शक्यता आहे. सबब आपण आपल्या फोनमधले, जुन्या फोनमधले आणि 'नंतर बघू' म्हणून ठेवलेले सर्व फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक करून, मागच्या माणसांसकट पाहावेत. ओळखीची खूण, हुबेहूब आईसारखी. फरक इतकाच की आई तिथे नसेल.

फोटो सापडल्यास तीन प्रतींत पाठवावा. न सापडल्यास हरकत नाही. सगळे पाहिले, एवढं मात्र स्वतःच्या सहीनिशी कळवावं.