सातव्या टीवर अडलेली कंबर

दंवात उमटलेला अशिलाच्या उजव्या बुटाचा ठसा पूर्ण होता. टाच, तळवा, बोटं, सगळं जागच्या जागी, जणू कोणी बसची वाट बघत उभं होतं. आधीच्या टींवर, म्हणजे चेंडू मारायच्या हिरव्या ओट्यांवर, असं नव्हतं. तिथे टाच उचललेली होती आणि बोटांखालचं गवत गोल पिळवटलेलं होतं. अस्मिता खाली वाकून हा फरक बघत होती, तेवढ्यात त्या ठशावर एक तपकिरी बूट पडला.

बुटात दिग्विजय खाजगीवाले होते.

"पुरावा शोधतेस?"

"सापडला होता," अस्मिता म्हणाली.

खाजगीवाल्यांनी ते ऐकलं नाही. ते अशिलाकडे वळले होते. "सर्जेराव, आपण योग्य माणसाकडे आलात. दिग्विजय खाजगीवाले, खाजगी गुप्तहेर. नाव आधी, धंदा नंतर; नियतीचीच तशी इच्छा होती. गुन्हेगार मला घाबरत नाहीत, कारण मी त्यांना दिसतच नाही. वेशांतर म्हणजे माझी दुसरी कातडी."

आजची कातडी गोल्फ खेळाडूची होती: चौकड्यांची विजार, पांढरे हातमोजे, आणि पहाटेचा गारठा म्हणून वर माकडटोपी. सोनटेकडी गोल्फ क्लबवर पोचल्यापासून वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं होतं.

खाजगीवाल्यांची कचेरी बुधवार पेठेत, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या दुकानावर. चोऱ्या खालच्या मजल्यावर सापडत, वरच्या मजल्यावर त्यांच्यावर चर्चा होई. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली अस्मिता 'प्रयोगशाळा सहाय्यक पाहिजे' ही जाहिरात वाचून तिथे आली होती. प्रयोगशाळेत एक भिंग आणि एक गॅसची शेगडी होती. भिंगाला तडा होता. शेगडी उत्तम होती.

सर्जेराव पायगुडे मात्र खरोखर अडचणीत होते. त्यांची सोनवडी महापालिकेत गेली, गावाची टेकडी विकली गेली, तिच्यावर हा क्लब उभा राहिला. सातव्या टीच्या बरोबर मागे कडुनिंबाखाली गावचा म्हसोबा होता. शेंदूर फासलेला गुडघाभर दगड. त्याला तिथून उचलून पार्किंगच्या कडेला बसवावं, असं क्लबचे अध्यक्ष विश्वजीतराव यांचं म्हणणं. गाव म्हणे, सर्जेराव सांगतील तसं. आणि सर्जेराव गेली दिवाळी होऊन होळी आली तरी एकच शब्द सांगत होते, "बघू."

"मग सरळ नाही म्हणा," अस्मिता म्हणाली.

"ताई, विश्वजीतराव माझं इवाई हायेत. आमची राजनंदिनी त्यांच्या घरात दिलीया. मुलीच्या बापानं इवायाला तोंडावर न्हाई कसं म्हणायचं?" सर्जेरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "म्हणून म्हटलं, उद्या रविवारी दोघांत म्याच खेळू. जो जिंकंल त्याचा शब्द. न्हाई म्हणायचं तर चेंडूच म्हणंल."

"आणि?"

"आन् काय! समदीकडं चेंडू नाकासमोर जातोय. हितं आलो की डावीकडं तळ्यात. दर खेपंला. कोन तरी करतंय बघा."

खाजगीवाल्यांनी डोळे मिटले. निष्कर्ष काढताना ते नेहमी डोळे मिटत. समोरच्या वस्तुस्थितीचा व्यत्यय येऊ नये म्हणून.

"लोहचुंबक," ते म्हणाले. "तळ्याच्या तळाशी."

"चेंडू रबराचा आणि प्लास्टिकचा असतो, सर."

"म्हणूनच कोणाला संशय येत नाही."

सर्जेरावांनी पुन्हा एक चेंडू मारून दाखवला. तो डावीकडे वळला आणि तळ्यात गेला. एक बगळा उडाला. सर्जेराव टीवरून चार पावलं उलटे उतरले आणि मग वळून चालू लागले.

"पाहिलंस?" खाजगीवाले कुजबुजले. "उलटे चालतात. त्यांना पाठीमागून धोका आहे!"

"सवय हाय," सर्जेराव म्हणाले.

दुसरा तर्क वाऱ्याचा. विश्वजीतरावांनी शेजारी जो उंच टॉवर बांधला, तो मुळात वारा वळवण्यासाठीच बांधला असणार. अस्मिताने विचारलं, एका चेंडूसाठी एवढा टॉवर? "श्रीमंतांचं कळत नाही," खाजगीवाले म्हणाले. तिने हातरुमाल वर धरला. तो हलला नाही. तर्क मागे घेण्यात आला नाही, फक्त पुढचा आला.

तोवर अस्मिताने मोबाइलवर सर्जेरावांचे दोन फटके टिपले होते, एक सहाव्या टीवरचा, एक सातव्यावरचा. तिने ते संथ गतीने शेजारी शेजारी लावले.

"हे बघा. काठी वर जाते तोवर काहीच फरक नाही. खाली येताना सुरुवात हातांनी होत नाही, कंबरेने होते. आधी कंबर होलच्या झेंड्याकडे, चेंडू जायचा तिकडे, वळते, मग खांदे, मग हात, आणि शेवटी काठी. आसुडासारखं, मुठीकडून निघतं आणि शेपटाशी फुटतं. सहाव्यावर पट्ट्याचं बक्कल झेंड्याकडे तोंड करून थांबलंय. सातव्यावर कंबर अर्ध्यातच अडलीय. टाचसुद्धा उचलली नाही. कंबर थांबली तरी हात थांबत नाहीत, ते पुढे पळतात, मनगटं वळतात, काठीचं तोंड मिटतं. चेंडू डावीकडे."

सर्जेराव बघत राहिले. "आयला. ही माझीच कंबर का?"

"तुमचीच. अडते कशी ते कळलं. का अडते ते नाही कळलं," अस्मिता म्हणाली. तिला अर्धी उत्तरं आवडत नसत.

खाजगीवाल्यांना आवडत. "कंबर फितूर झालीय!" ते गरजले. "आणि कंबरेच्या सर्वांत जवळ कोण असतं? शिंपी! विजारीत अशी शिवण घातलीय की ती ऐन वेळी आवळते. सर्जेराव, विजार जप्त करावी लागेल."

"हितं?"

"झुडपामागे."

झुडपामागे बराच वेळ खुसफुस झाली. सर्जेराव बाहेर आले ते खाजगीवाल्यांच्या चौकड्यांच्या विजारीत; बक्कल लागत नव्हतं, श्वास धरून होते. पाठोपाठ खाजगीवाले आले, सर्जेरावांची विजार दोन्ही हातांनी वर धरून. त्या विजारीत अजून एक गुप्तहेर मावला असता.

सर्जेरावांनी चेंडू मारला. चेंडू तळ्यात गेला. पाठोपाठ चौकड्यांची शिवण गेली.

"म्हणजे शिंपी निर्दोष," खाजगीवाले म्हणाले. "माझा नाही, त्यांचा."

रविवारी सामना झाला. विश्वजीतराव उंच, गोरे, कमालीचे नम्र गृहस्थ होते. ते प्रत्येक फटक्याआधी "आपण आधी, व्याही," म्हणत आणि प्रत्येक फटक्यानंतर "मग काय ठरवलंत?" विचारत. सर्जेराव "बघू" म्हणत. खाजगीवाले आज माळ्याच्या वेशात होते. त्यांनी खुरपं आणलं होतं आणि चौथ्या होलजवळचं बरंचसं महागडं गवत तण समजून उपटलं होतं. खरा माळी त्यांना शोधत होता.

सातव्या टीवर दोघं बरोबरीत पोचले. तिथे कडुनिंबाखाली तुळजाबाई, सर्जेरावांच्या मंडळी, म्हसोबासमोर दहीभाताचं पान मांडत होत्या. रविवारचा नैवेद्य त्यांनी टेकडी विकल्यावरही चुकवला नव्हता. रखवालदाराने सुरुवातीला अडवलं होतं. आता तोच पान उचलून द्यायला येई.

सर्जेराव चेंडूपाशी उभे राहिले. काठी वर नेली आणि तशीच खाली ठेवली.

"काय झालं वो?" तुळजाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. हितं कंबर अडती. ह्या ताईंनी शोधलंय. का अडती ते कुनालाच ठावं न्हाई."

"ठावं नसायला काय झालं? फिरवून दावा की कंबर. नुसती, काठीबिगर."

सर्जेरावांनी कंबर झेंड्याकडे वळवायला घेतली. अर्ध्यात आल्यावर मान आपोआप मागे, कडुनिंबाकडे वळली, आणि कंबर थांबली.

"झालं," तुळजाबाई म्हणाल्या. "अवो, पुरं फिरला तर देवाकडं ढुंगण व्हतंय न्हवं. लहानपनापासनं हितनं उलट्या पावली उतरताय, तुमची कंबर फिरंल कशी?"

अस्मिताच्या डोळ्यांसमोर तो ठसा आला, चार उलटी पावलं आली. सगळी निरीक्षणं तिच्याकडे होती. फक्त देव तिने मोजला नव्हता.

"डाव्या हातानं खेळलो तर?" सर्जेरावांनी आशेने विचारलं.

"शेवटी तोंड झेंड्याकडेच येणार," अस्मिता म्हणाली. "म्हणजे पाठ तिकडेच."

"मी पहिल्यापासून म्हणत होतो," झुडपातून आवाज आला, "धोका पाठीमागून आहे."

"तो बघा!" खरा माळी ओरडला, आणि झुडूप खुरप्यासकट पळू लागलं.

तुळजाबाईंनी पदर खोचला आणि अंगावरची शाल काढली. "देव जेवाया बसला की म्होरं पडदा धरत्यात का न्हाई? धर गं पोरी त्या टोकाला." अस्मिताने टोक धरलं. तपकिरी शाल म्हसोबा आणि सर्जेराव यांच्यामध्ये ताणली गेली. "देव जेवतोय. त्यो काय बघत न्हाई. मारा बिनघोर. पन लवकर, भात थोडाच हाय."

विश्वजीतराव खाकरले. "हे नियमात बसतं का, बघायला हवं."

"बघू," तुळजाबाई म्हणाल्या.

सर्जेरावांनी काठी उचलली. वर नेली. मग कंबर निघाली, आणि या वेळी थांबली नाही. खांदे तिच्यामागे, हात खांद्यांमागे, काठी सर्वांत शेवटी. टण्ण आवाज झाला. चेंडू सरळ गेला, तळ्याकडे ढुंकूनही न बघता, आणि झेंड्यापासून वावभर अंतरावर थांबला. सर्जेराव तसेच उभे राहिले, बक्कल झेंड्याकडे, उजवी टाच वर, पाठ देवाकडे. काही कोसळलं नाही. कडुनिंबाचं एक पान पडलं, पण ते पडणारच होतं.

"सुरेख," विश्वजीतराव म्हणाले. "पण अजून होल बाकी आहेत, व्याही. शेवटाला काय ते दिसेलच. तोवर आपलं काय, बघूच ना?"

सर्जेराव वळले. शालीकडे बघून त्यांनी दोन्ही कान धरले. मग काठी गवतावर आडवी ठेवली आणि व्याह्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. इतके जवळ, की विश्वजीतरावांना टोपी मागे सारावी लागली.

"ती म्याच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आज देवाला पाठ दावून झाली, तवा तुमच्याकडं तोंड करून बोलाया आता कसली लाज? विश्वजीतराव, म्हसोबा हितनं हलनार न्हाई."