सानोबरचे बिनतारी कान

सुनेला खुदानं दोन कान दिले असले, तरी त्यांवरचा ताबा सासूचा असतो. उझबेकिस्तानातल्या कोकंद शहरात हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. इतकं उघड कोण लिहितो?

तरीही कानांवाटे सानोबर या सुनेला मिळण्यासारखं बरंच होतं. अध्यापक विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची व्याख्यानं तिच्या खोलीतल्या संगणकावर साठली होती आणि खोलीत बसायला सवड नव्हती. बिनतारी हेडफोन आले की कणीक मळताना इतिहास, अंगण झाडताना भूगोल, तंदुरात नान थापताना बालमानसशास्त्र, अशी सोय होती. पास झाली तर पुढं शाळेत नोकरी, म्हणजे दुपारपर्यंत घराबाहेर राहण्याचा सन्माननीय मार्ग. (बाकीचे मार्ग माहेरी जातात.)

सासूबाई मुकर्रम यांची हरकत नव्हती. "शीक की! मी काय अडाणी आहे? फक्त कामाला अभ्यासाचा वास यायला नको."

निवडीला सानोबरच्या नवऱ्यानं, तोहिरनं वाहून घेतलं. लग्न ठरवतानाही इतका काथ्याकूट झाला नव्हता. तिथं दोन्हीकडच्यांनी रिवाजाप्रमाणं एक नान मोडला आणि विषय मिटला. हेडफोनचं तसं नसतं. कान पूर्ण झाकणारे पहिल्यांदा बाद झाले, कारण रुमालाखाली सानोबरचं डोकं दोन कड्यांच्या पातेल्यासारखं दिसू लागलं. कानात खुपसायचे बारीक घेतले, तर एक चाचणीतच कणकेत गेला. (तो तोहिरच्या काकांना सापडला. दाताखाली.) मग पल्ल्याचा प्रश्न. खोक्यावर 'मोकळ्या जागेत' असं म्हणून एक आकडा छापतात. मोकळी जागा म्हणजे जिथं भिंत नाही, झाड नाही आणि सासू नाही. सानोबरच्या घराच्या भिंती हातभर जाड, मातीच्या. पहिल्या भिंतीआड प्राध्यापकांना उचकी लागे. दुसरीआड ते वारत.

शेवटी बाजारातल्या दुकानदारानं एक जोडी काढली. "दादा, हा डबा संगणकाला जोडायचा. पट्टी मानेमागून जाते, रुमालात दडते. आवाज थेट गोठ्यापर्यंत."

"आणि बाहेरचा आवाज?"

"शून्य! परवा एका गिऱ्हाइकाच्या पाठीशी गाढव ओरडलं. त्याला पत्ता नाही."

"गाढवाचं राहू द्या. आईचा?"

दुकानदार गंभीर झाला. "आईवर चाचणी झालेली नाही, दादा. पण गाढवावरून अंदाज येतो."

तोहिरनं मागं वळून कुणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं, आणि पैसे दिले.

आता, मोठ्यांना होकार द्यायला सुनेनं तोंड उघडायची गरज नसते. उजवा हात छातीवर ठेवून जरा वाकलं की झालं. सासूबाईंचे ओठ हलले की सानोबर वाके आणि काम अंदाजानं करी. सासवा सहसा नवं काही बोलत नाहीत, त्यामुळं अंदाज दहात नऊदा बरोबर येई. वर्षभर 'उलट बोलते' म्हणून गाजलेली सून महिन्याभरात मोहल्ल्याचं भूषण झाली. शेजारणी आपापल्या सुनांना तिचं वाकणं बघायला घेऊन येत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारच्या रोबियाखाला दारातच तिच्या गळ्यात पडल्या. हेडफोन तेव्हा चार्जिंगला होते, म्हणून ऐकू आलं.

"धन्य गं पोरी! सासूसाठी परीक्षा सोडायची म्हणजे काय!"

"कुणी सोडली, खाला?"

"तूच की! मुकर्रमनं सकाळी आमच्यादेखत विचारलं नाही का, 'उद्या मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका आपल्याकडे जेवायला, परीक्षा पुढच्या वर्षी दिलीस तर चालेल ना?' आणि तू हात ठेवून वाकलीस. मला तर रडूच फुटलं बाई!"

सानोबरला आठवलं. त्या वेळी कानातल्या भूगोलात अमूदर्या नदी अरल समुद्राकडे निघाली होती आणि वाळवंटात आटत होती.

"अगं, नाही म्हणायचंस ना!" हे कळल्यावर तोहिर म्हणाला.

"मला ऐकूच आलं नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

तोहिरचा चेहरा उजळला. "म्हणजे वस्तू चोख आहे."

सानोबर तशीच सासूबाईंपुढं गेली, हेडफोन त्यांच्यासमोर ठेवले आणि खरं ते सांगितलं. "तुम्ही विचारलंत ते माझ्या कानावर पडलंच नाही, आयीजान. तो होकार धरू नका."

मुकर्रम तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"तुझ्या रुमालाखाली निळा दिवा लुकलुकतो, पोरी. मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. म्हणून तर तेव्हा विचारलं. दिवा बंद असताना विचारलं असतं तर वाद घातला असतास."

दुसऱ्या दिवशी पुलाव उत्तम झाला. जेवून निघताना प्रत्येक सासूनं तोहिरला बाजूला घेऊन दुकानाचा पत्ता विचारला. आठवड्याभरात गल्लीतल्या एकूण एक सुनेच्या डोक्यावर बिनतारी हेडफोन आले, तेही सासूच्या खर्चानं. घरोघरी इतकी शांतता पसरली, की मोहल्ल्याच्या समितीनं सानोबरचा सत्कार ठरवला.

तेव्हा हिशेब असा: दुकानदाराचा माल खपला, तोहिरच्या पारखीचं नाव झालं, सासूबाईंना होकार मिळाला आणि या सगळ्याची किंमत, परीक्षेचं एक वर्ष, सानोबरनं भरली. आणखी एक खातं अजून उघडंच आहे. मघाशी, हे वाचता वाचता, घरातून कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणालात. कशाला होकार दिलात ते आत जाऊन विचारून या. ती रक्कम तुमच्या नावावर लागली आहे.