एक हात खिशात ठेवून

ग्रंथपालाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज दोन महिन्यांपासून बसला होता आणि त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवात त्याचं गिटारवादन होतं. बावीस वर्षं त्यानं लोकांना गप्प बसवण्यात घालवली होती. आता त्याच लोकांसमोर मोठा आवाज करायची लेखी परवानगी मिळाली, तर अ‍ॅम्प्लिफायर शेजारच्या स्पीकरच्या खोक्यातून सर्दी झाल्यासारखा नाकातून बोलत होता.

"साहेब, जुना माल आहे. आतल्या काचेच्या नळ्या थकल्या असणार," दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला. "दोन नव्या दिल्यात ना मी तुम्हाला? त्या घाला. बल्ब बदलण्याइतकं सोपं आहे."

इथेच त्यानं फोन ठेवला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण माणूस भला होता.

"फक्त एक करा. प्लग काढला तरी आत करंट साठून राहतो. डावा हात खिशात ठेवा. दोन्ही हात लावलेत तर करंट थेट काळजातून जातो."

फोन स्पीकरवर होता. बायकोनं ऐकलं. सोफ्यावर बसलेल्या त्याच्या सासूबाईंनीही ऐकलं.

"मी तुम्हाला त्याला हात लावू देणार नाही," बायको म्हणाली.

"अगं, एकच लावणार आहे."

आता खिशाचा प्रश्न आला. त्याच्या एकाही पायजम्याला खिसा नव्हता. धड खिसा होता तो कार्यक्रमासाठी इस्त्री करून ठेवलेल्या सुटाला. नुसती पँट बरी दिसेना म्हणून त्यानं वर कोटही चढवला. पायात रबरी चपला, उजव्या हातात भांडी घासायचा रबरी मोजा आणि डावा हात खिशात, अशा थाटात तो अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभा राहिला, तेव्हा उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यासारखा दिसत होता.

बायको शाळेत विज्ञान शिकवायची. "शॉक लागलेल्या माणसाला हातानं ओढायचं नसतं, कोरड्या लाकडानं बाजूला करायचं असतं," असं म्हणून तिनं कपडे वाळत घालायची काठी आणली आणि ती त्याच्या मागे उभी राहिली. सासूबाईंनी मोबाइलवर अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर काढला आणि हिरव्या बटणावर अंगठा धरून ठेवला.

ग्रंथपालानं पहिली नळी धरली. ती घट्ट बसली होती. त्यानं ती हळूहळू हलवली. नळी हलेना, पण तो मात्र हलू लागला. आधी खांदे, मग मान, मग कोटासकट सगळा माणूस. दात आवळलेले, डोळे मिटलेले, तोंडातून बारीक "हं हं हं हं."

"अहो?"

"हं हं हं."

"अहो!"

काठी डोक्यात बसली. ग्रंथपाल सोफ्यावर आडवा झाला. नळी मात्र त्याच्या हातात आली होती, अगदी शाबूत. आनंदानं तो ओरडला, "निघाली!"

सासूबाईंना ऐकू आलं, "निघालो." त्यांनी बटण दाबलं.

अ‍ॅम्ब्युलन्स सात मिनिटांत आली. स्ट्रेचर घेऊन वर आलेल्या मदतनिसानं सुटातला पेशंट पाहिला, टेंगूळ पाहिलं, मग अ‍ॅम्प्लिफायर पाहिला आणि पेशंटला विसरून त्याच्याकडे गेला.

"अरे वा! माझ्याकडे असाच आहे." त्यानं दुसरी नळी नुसत्या हातानं उपसली आणि दोन्ही नव्या बसवून दिल्या. "यासाठी आत हात घालावाच लागत नाही. करंट खालच्या पेटीत असतो. बरं, निघतो आम्ही. तेवढा फॉर्म भरू."

"भरा ना," बायको म्हणाली.

"इजा कशानं झाली?"

"काठीनं," ग्रंथपाल टेंगूळ चोळत म्हणाला.

"कोणी मारली?"

"मी," बायको म्हणाली.

"कशासाठी?"

"यांचा जीव वाचवायला."

मदतनिसाचं पेन थांबलं. फॉर्मवर 'अपघात' आणि 'मारहाण' असे दोनच रकाने होते. त्यानं बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं आणि शेवटी पोलिसांना फोन लावला.

आलेला हवालदार खोलात शिरणारा होता. सगळी हकिगत त्यानं वहीत उतरवून घेतली, पण त्याचा एका शब्दावरही विश्वास बसला नाही.

"माणूस नळी हलवतो आणि नळी सोडून स्वतःच हलतो? दाखवा बरं."

ग्रंथपालानं लाजत लाजत दाखवलं.

"एवढ्यावर कोणी काठी मारत नाही. नीट जोर लावला असणार तुम्ही. म्हणजे असं?" हवालदारानं स्वतःच अ‍ॅम्प्लिफायर धरला, दात आवळले आणि टोपीपासून बुटापर्यंत थरथरायला सुरुवात केली.

पुरावा म्हणून काठी बायकोच्याच हातात होती. हात आपोआप उठला, असं तिनं नंतर सांगितलं.

मदतनिसानं सुटकेचा निःश्वास टाकून 'अपघात'वर खूण केली. हवालदाराला स्ट्रेचरवर घेतलं, पण वही त्यानं सोडली नाही. "बाईंचा हेतू चांगलाच आहे," आता तो स्वानुभवानं लिहीत होता. "फक्त आजींचा जबाब राहिला. आजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

सासूबाईंचा चेहरा पडला.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "सगळं माझ्यामुळे झालं. त्या स्पीकरच्या खोक्यात मागून मीच रजई कोंबली. दोन महिने झाले. जावईबापू दुपारी डोळा लागू देत नाहीत हो."

ग्रंथपालानं अ‍ॅम्प्लिफायरशेजारच्या मोठ्या खोक्यात मागून हात घातला, या वेळी दोन्ही. आधी एक कोपरा आला, मग अर्धी रजई, मग दोन माणसांची अख्खी रजई. तिच्यापाठोपाठ दोन उश्या.

त्यानं प्लग लावला, नव्या नळ्या नारिंगी होईपर्यंत वाट पाहिली आणि गिटारच्या सहाही तारांवरून एकदाच हात फिरवला. कपाटातले कप नाचले. खाली अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला वाटलं, हाक आली. त्यानं सायरन सुरू केला. हवालदार स्ट्रेचरवर ताठ उठून बसला.

"हे... हे संध्याकाळी वाजवणार तुम्ही?"

"सहा ते आठ. वाचनालयात." ग्रंथपालाचा चेहरा उजळला होता. "या ना."

"यायची गरज नाही. माझं घर वाचनालयाच्या भिंतीला लागून आहे."

हवालदार पुन्हा आडवा झाला. त्यानं वही उघडून शेवटची ओळ लिहिली, 'रजई जप्त.' क्षणभर विचार केला आणि पुढे जोडलं, 'उश्यांसह.'