भोपळूसाठी आठ ट्यूब

टक्!

तळघरातला टायमर वाजला आणि ब्रिट्टाच्या हातातली कॉफी हिंदकळली. लेक सिग्नी दुपारची झोपलेली, बाहेर मुकाट पडणारा बर्फ आणि कितीतरी दिवसांनी गरम असतानाच हाती आलेली कॉफी, असा दुर्मिळ योग जुळून आला होता. पण टक् झालं म्हणजे आता जिन्यातून निळाजांभळा उजेड वर येणार आणि त्याच्या पाठोपाठ नवरा.

आलाच. "ठरलं. सहा ट्यूब पुरत नाहीत. आठ लावू या."

ऑरिन टॉलेफसन दिवसभर विमा विकायचा आणि उरलेल्या वेळात समुद्र सांभाळायचा. मिनेसोटातून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र फार लांब, म्हणून त्याने तो तळघरात आणून ठेवला होता. काचेची टाकी चांगली ब्रिट्टाच्या छातीइतकी खोल. बाकीच्या हौशी लोकांच्या टाक्या गुडघाभर, त्यांना काय, कुठलीही ट्यूब चालते! इतक्या खोल पाण्यात तळापर्यंत उजेड उतरवणं हे खरं शास्त्र, असं ऑरिनचं म्हणणं. पांढऱ्या किती, निळ्या किती, जांभळी एक की दोन, यावर तो जेवणाच्या टेबलावर तासन्‌तास बोलायचा. उजेड नक्की झाल्याशिवाय बाकीची पोवळी आणायचीच नाहीत, हा त्याचा नियम. त्यामुळे त्या अथांग टाकीत सध्या होते थोडे दगड, लग्नाला फार लवकर येऊन बसलेल्या पाहुण्यांसारखे दिसणारे दोन मासे, आणि भोपळू.

भोपळू म्हणजे सिग्नीचं जिवंत, केशरी पोवळं. पाचव्या वाढदिवसाला तिने ते स्वतः निवडलं होतं, दुकानातल्या अगदी खालच्या, अंधाऱ्या कोपऱ्यातून. तिथे ते पिवळ्या फुलांनी नुसतं डवरलेलं होतं. घरी आलं आणि जे मिटलं ते मिटलंच, रुसलेल्या मुठीसारखं. सिग्नी रोज काचेला नाक लावून त्याला शाळेतल्या गोष्टी सांगायची. ऑरिनने निदान केलं, उजेड कमी पडतोय.

त्याच्या टाकीवाल्या मंडळातली माणसं अधूनमधून बघायला यायची. आलेला माणूस दाराशी बूट काढायचा, डोळ्यांवर हात धरायचा, आधी भोपळूकडे बघायचा, मग ट्यूबांकडे, आणि म्हणायचा, "हे वेगळंच आहे हं."

आता मिनेसोटात 'वेगळंच आहे' म्हणजे काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कुणी घराला जांभळा रंग लावला, कुणी सॅलडमध्ये मार्शमॅलोबरोबर हेरिंग मासा घातला, तरी लोक एवढंच म्हणतात आणि गाडी सुरू करतात. ऑरिनही तिथलाच, तीन पिढ्यांचा. पण स्वतःच्या टाकीपुढे उभा राहिला की तो परदेशी व्हायचा. "ऐकलंस? वेगळं म्हणाले!" की लगेच दोन ट्यूब वाढायच्या.

चाराच्या सहा झाल्या तेव्हा तळघराच्या खिडकीबाहेरचा बर्फ वितळला आणि शेजारची मांजर तिथे ऊन खायला बसू लागली. आठ झाल्या तेव्हा भर जानेवारीत तळघरात घाम फुटायला लागला, वरच्या खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागलं आणि इस्त्रीसाठी खाली नेलेले पांढरे शर्ट भुतासारखे चमकायला लागले. भोपळू मात्र आणखीनच आक्रसला.

"रविवारी मंडळाची बैठक आपल्याकडे आहे," ऑरिनने एका सकाळी जाहीर केलं. "तोवर उघडलं नाही, तर सोमवारी काढून टाकायचं. मेलेलं पोवळं सगळं पाणी नासवतं."

सिग्नी पॅनकेक खात होती. तिने काटा खाली ठेवला, वर गेली आणि आपली चिमुकली उशी आणून टाकीला टेकवून ठेवली. भोपळू आता राहणार नाही हे लेकीला कसं सांगायचं, याचे शब्द ब्रिट्टा भांडी घासताना मनातल्या मनात जुळवत राहिली. पण कुठूनही सुरुवात केली तरी गाडी 'झोपलंय'वर येऊन थांबत होती, आणि त्यावर 'कधी उठेल?' हे येणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

रविवारी मंडळ आलं. उजेडाचा परिणाम खुलून दिसावा म्हणून ऑरिनने खिडकीवर काळं कापड ठोकलं होतं. प्रत्येक घरातून एकेक विजेचं पातेलं आलं. कुणाचे मीटबॉल, कुणाचे घेवडे, कुणाचं हॉटडिश नावाचं बटाट्याचं मिश्रण. सगळी पातेली तळघरातल्या टेबलावर मांडली गेली आणि सगळ्यांच्या वायरी, टाकीशेजारच्या त्याच एका बोर्डात.

"आणि आता," ऑरिन म्हणाला, "आठच्या आठ!"

बटण दाबलं. फट्! तळघर काळंकुट्ट.

एखादं पातेलं काढलं की भागणार होतं. पण कुणाचं? माझं काढा, तसंही बेताचंच झालंय, असं एक बाई म्हणाल्या. छे, तुमचे मीटबॉल गरमच हवेत, माझं काढा, असं दुसरे गृहस्थ म्हणाले. अंधारात चाचपडत जो तो सौजन्याने स्वतःचं पातेलं काढत होता आणि तितक्याच सौजन्याने शेजारच्याचं परत लावत होता. पातेली तेवढीच! ऑरिन जिन्याखाली जाऊन फ्यूजचा खटका वर करायचा, फट्! पुन्हा वर, पुन्हा फट्! असा चांगला अर्धा तास गेला.

माशांच्या खाण्याची वेळ झाली होती. ब्रिट्टाने अंदाजाने सिग्नीच्या तळव्यावर चिमूटभर खाऊ ठेवला आणि तिला उचलून पाण्यावर धरलं. मग सिग्नीने आपला खेळण्यातला टॉर्च लावला.

"आई," ती कुजबुजली. "भोपळू उठला."

केशरी मुठीतून पिवळी फुलं बाहेर आली होती, एकेक पाकळी लांबवून खाऊ धरत होती. ब्रिट्टाने लेकीच्या केसांत तोंड लपवलं. तिला रडू येत होतं आणि पाहुणे घरात होते.

सगळे काचेभोवती जमले. मंडळाच्या अध्यक्ष व्हर्ना हाउगन या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी घसा साफ केला. "ऑरिन, वाईट वाटून घेऊ नकोस हं. हे पोवळं कपारीत, अंधारात राहतं. त्याला उजेड लागत नाही. मुळीच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तसं सगळ्यांनाच," घेवडेवाले गृहस्थ आपल्या मोज्यांकडे बघत म्हणाले. "आम्ही सांगितलं की तुला. वेगळंच आहे म्हणून."

तेवढ्यात कुणीतरी चुकून आपलंच पातेलं काढून तसंच ठेवलं असावं, कारण ऑरिनने जाऊन पुन्हा खटका वर केला, तो या वेळी पडला नाही. आठच्या आठ ट्यूब लखलखल्या. माणसांचे दात चमकले, मोजे चमकले, भोपळू फुलं आवरायला लागला. त्या झगझगाटात ऑरिन उभा होता. आठ पेटल्या होत्या. नववी, त्याची स्वतःची, अजून फडफडतच होती.

"या जर जरा वर टांगल्या," तो ट्यूबांकडे बघत म्हणाला, "आणि निळी एक वाढवली, तर..."

व्हर्नाबाईंनी फार मन लावून बटाटा वाढून घेतला.

सिग्नीने डोळ्यांवर हात धरून आधी भोपळूकडे बघितलं, मग ट्यूबांकडे, मग बापाकडे, आणि आईची बाही ओढली.

"आई, भोपळूला उजेड नकोय ना? मग बाबांना काय दिसत नाहीये?"