बाप वजा जाता उरलेला चेहरा

देवकते सर बोलताना आपल्या डोळ्यांकडे बघत नाहीत, नाकाकडे बघतात. अंबाजोगाईच्या कॉलेजात मी रुजू झालो तेव्हा कुणीतरी आमची ओळख करून दिली. मी हात पुढे केला. सरांनी तो धरला, पण सोडेनात.

"थांबा, हलू नका. हे नाक वडलांचं का आजोळचं?"

"माझंच आहे," मी म्हटलं.

"तसं सगळेच म्हणतेत."

सर संगणकशास्त्र शिकवतात. फोटोतल्या चेहऱ्यावर संगणकाने ठिपके मांडायचे, नाकाची रुंदी, हनुवटीचा उतार मोजायचा आणि आईबापांकडून लेकरात काय उतरलं ते शोधायचं, हा त्यांचा ध्यास. त्यापायी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची खानदानं त्यांच्या लॅपटॉपमध्ये जाऊन बसली आहेत. "नाक काय एका जनुकाचं काम न्हाई," ते बजावतात. "लई जनुकं लागतात. सोसायटीच्या संचालक मंडळासारखं हाय. एकट्याचं काही चालत न्हाई."

एकदा आम्ही कडा गावी एका लग्नाला गेलो होतो. भर पंगतीत सर नवरदेवाच्या वडलांना म्हणाले, "पाहुणे, पोराची हनुवटी काही तुमची न्हाई."

पंगत थांबली. वाढप्याच्या हातातली जिलबी हातातच राहिली. दोन-चार तरणे उठून उभे राहिले. सर मात्र खुशीत पलीकडे बोट दाखवत होते. "मामाकडं बघा की! हुबेहूब!" सगळ्यांनी मामाची हनुवटी पाहिली, मामाने स्वतःची चाचपली, आणि मग हशा पिकला. आम्ही जेवूनच परतलो, हे नशीब.

दिवाळीच्या सुट्टीत मी काही छापून घ्यायला त्यांच्या लॅबमध्ये गेलो. सर एकटेच होते. पडद्यावर एका बाईचा चेहरा. गुळगुळीत, कपाळावर एक आठी नाही.

"कोण हो सर?"

"आई."

मला कळेना. मग तेच बोलले. ते मेंढपाळाच्या घरातले. आई त्यांना कळू लागायच्या आतच वारली. "रानोमाळ हिंडणारी माणसं आमी. फोटो कोण काढणार? म्हणून मामा, मावशी, बहीण, मी, सगळ्यांचे चेहरे एकत्र केले. बापाचा एक फोटो म्हातारपणी निघाला हुता; बहिणीतून आन् माझ्यातून बाप वजा केला."

"असं जमतं?"

"न्हाई जमत. सरासरी निघती, माणूस न्हाई निघत." पडद्याकडे बघत म्हणाले, "तरी केलं."

मावशी नेकनूरला होती. तिला अजून दाखवलं नव्हतं. "ती 'ही न्हाई' म्हणाली तर?" एवढंच ते म्हणाले. मीच त्यांना एस.टी.त बसवलं आणि सोबत गेलो.

मावशी ओसरीवर तूर निवडत होती. तिने पदराने आधी डोळे पुसले, मग लॅपटॉपची काच पुसली. बराच वेळ बघितलं.

"बाई देखणी हाय. पण ही आक्का न्हाई."

सर पुढे सरकले. "काय चुकलं मावशी? नाक? कपाळ? सांगा, बदलता येतंय."

"नाक आसंल तसंच. मला तरी कुठं ध्यानात ऱ्हायलंय आता? पण ही गप हाय रं. आक्का कवाच गप नसायची." मावशी हसली. "तू चालाय लागला आन् सारखा मेंढरात घुसायचा. मग ती बांधावरून हाक मारायची."

"कशी?"

मावशीने सूप बाजूला ठेवलं. तोंडाशी हात नेला. "म्हादूऽऽ रंऽऽ!"

म्हातारा, चिरका आवाज, पण रान ओलांडून जाईल असा. अंगणातल्या शेळ्यांनी माना वर केल्या.

सरांनी लॅपटॉप मिटला. "परत," ते म्हणाले.

मावशीने परत हाक मारली. आणि निवृत्तीला आलेले देवकते सर, तिच्यापासून हातभर अंतरावर बसून, लांबच्या माणसाला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने म्हणाले, "ओऽऽ!"