वेरिबीतली जांभळी अंबाडी

झाडांचं मला कळतं. आमच्या बेडरूममधला मनी प्लांट सात वर्षं जिवंत आहे आणि त्याला पाणी माझी बायको नीलिमा घालते हे खरं असलं, तरी कुंडी मी आणली होती. म्हणून त्या लॉकडाऊनमध्ये मी नीलिमाला छातीठोकपणे सांगितलं की आईसाठी अंबाडी मी उगवून दाखवणार.

आई तीन महिन्यांसाठी मेलबर्नजवळ वेरिबीला, आमच्याकडे आली होती. मग विमानं बंद झाली आणि ती अडकली. सुरुवातीला उत्साहात होती, पण हळूहळू बोलेनाशी झाली. दोन घास खायची आणि खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसायची. काय करून देऊ विचारलं, तर एकच उत्तर, अंबाडीची भाजी. सोलापूरकडची बाई, तिला दुसरं काय सुचणार? घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती आणि तेवढ्यात मला कुठेही अंबाडी मिळेना. आणि भारतातून चोरून बी मागवायची माझी छाती नव्हती, कारण आमची पीआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, फाइल निकालाला टेकली होती. त्या दिवसांत आम्ही निर्मनुष्य रस्ताही सिग्नल हिरवा झाल्याशिवाय ओलांडत नव्हतो.

अशात एका सकाळी कुंपणापलीकडे वेंडीच्या खिडकीत मला ती दिसली. वेंडी म्हणजे आमची सत्तरीची शेजारीण. पानांना हाताच्या बोटांसारखी चिरलेली पाती, देठ लालसर जांभळे. अंबाडीच! माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणा ना.

मी वेंडीला म्हटलं, हे झाड मी ओळखतो, माझ्या आईला फार हवंय. वेंडी आधी दचकली, मग आईच्या वयाची चौकशी केली आणि विरघळली. तिला स्वतःला गुडघ्यांसाठी लागतं म्हणाली. ही जात फार लाड मागत नाही, आपोआप फुलते, तुरे जांभळे येतात, असंही तिने सांगितलं. एक रोप कुंडीसकट माझ्या हातात ठेवलं आणि डोळा मारून म्हणाली, "कीप इट क्वाएट, मेट."

मला त्यात वावगं वाटलं नाही. अशी अंबाडी माझ्याकडे असती तर मीसुद्धा चार लोकांना सांगितलं नसतं.

कपडे धुण्याच्या खोलीतल्या उन्हाच्या खिडकीत मी ते रोप वाढवलं. मीटिंगच्या मधल्या वेळात त्याच्याशी गप्पा मारायचो. आई येऊन बघायची. अंबाडीला पिवळं फूल येतं रे, म्हणाली. मी सांगितलं, ही ऑस्ट्रेलियन जात आहे. वास उग्र आहे म्हणाली. मी म्हटलं, इथली माती तशी. माझ्याकडे सगळ्याची उत्तरं होती.

तुरे जांभळेगर्द झाले त्या सकाळी मला राहवलं नाही. झाडासोबत फोटो काढला आणि इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: "घरची अंबाडी! दुपारी दारातून एकेक डहाळी न्यावी. मोफत." आणि खाली आमचा पूर्ण पत्ता. मग आईला भाजी करायला सांगून मी मीटिंगमध्ये जाऊन बसलो. ती मीटिंग जेवणाची वेळ उलटून गेली तरी संपेना.

ती चालू असतानाच ज्युलियनचे फोनवर फोन येऊ लागले. ज्युलियन आमचा वसईचा मित्र, हॉस्पिटलात नर्स. शेवटी उचलला.

"श्री, ग्रुपवरचा तो फोटो काढून टाक. आत्ता काढ."

"का? तुलाही डहाळी ठेवतो ना."

"अरे बाबा, तो गांजा आहे. तू पत्ता देऊन गांजा वाटतोयस."

मी फोटो उडवला. डोळ्यांपुढे पीआरची फाइल आली आणि मग एकदम आई आली. स्वयंपाकघरात धावलो. कुंडीत नुसता खराटा उभा होता. कढई घासून पालथी घातली होती. भाकरीचा तुकडा हातात धरून आई खुर्चीत हसत बसली होती.

"भाजी?" मी विचारलं.

"संपली. आळली रे फार," असं म्हणून ती पुन्हा हसायला लागली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. मंडळातल्या भोळ्याभाबड्यांच्या गाड्या घरापुढे लागल्या होत्या. मीनाक्षी तर मास्क लावून, कापडी पिशवी घेऊन दारात उभी. आणि त्यांच्यामागे पोलिसांची गाडी! गर्दी दिसली म्हणून गल्लीतल्या कोणीतरी फोन केला होता.

पोलीस दाराशी आला आणि इथे काय वाटताय म्हणाला. माझ्या खांद्यावरून आईच बोलली.

"व्हेजिटेबल. फिनिश. आय एट."

नीलिमा गडबडीने ती कुंडी मागे न्यायला निघाली आणि नेमकी त्याच्यासमोरून गेली. पोलिसाने खराट्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. आईने त्याला हात जोडून नमस्कार केला आणि खुदकन हसली.

"ऑल ऑफ इट?" त्याने विचारलं.

"ऑल. व्हेरी टेस्टी."

त्याच्या मास्कमागे काय चाललंय कळत नव्हतं. मग मला म्हणाला, "हिला भरपूर पाणी दे, मेट. आणि ते खोड आत्ताच्या आत्ता बिनमध्ये टाक." मग वळून त्याने मीनाक्षीसकट सगळ्यांना घरी पिटाळलं.

ज्युलियन दुपारभर व्हिडिओ कॉलवर बसून आईची नाडी मोजायला लावत होता. आईने सोलापूरच्या बहिणीला फोन लावला, भरपूर हसली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाढ झोपली. किती महिन्यांनी आमच्या घरात कोणी हसलं होतं. दाराआड उभा राहून मी ते ऐकत होतो.

उठल्यावर मी तिला सगळं सांगून माफी मागितली.

"अंबाडी नाही हे मला पहिलं पान जिभेवर ठेवलं तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "आंबटच नव्हती."

"मग खाल्लीस कशाला?"

"तू रोज तिच्याशी बोलायचास. माझ्यासाठी एवढं कोणी झाड वाढवलं नव्हतं. टाकणार कशी?"

मी उठून चहा टाकला.

पीआर आली. देवापुढे दिवा लावताना आई त्या पोलिसाचं, ज्युलियनचं आणि वेंडीचं नाव घ्यायला लागली. पोलिसाचं नाव माहीत नसल्यामुळे त्याला 'तो मास्कवाला' म्हणायची, त्यामुळे त्या वर्षी अख्ख्या मेलबर्नला आशीर्वाद मिळाले असतील. त्या तिघांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पुढे मीनाक्षीने कुठूनशी खऱ्या अंबाडीची रोपं मिळवून दिली. ती मी राजरोस पुढच्या अंगणात लावली, पिवळी फुलंसुद्धा आली. तो पोलीस तिथून जाताना अजून गाडी हळू करतो आणि मी त्याला फुलं दाखवतो.

परवा आईसाठी त्या अंबाडीची भाजी केली. कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन. तिने घास घेतला, डोळे मिटले.

"आंबट आहे," ती म्हणाली. "मागची बरी होती रे."