पाठकोऱ्या कागदावरचं प्रेत

पाठकोरा कागद टाकून द्यायचा नाही, हा आमच्या घराण्याचा नियम आहे. (घराण्याकडून मला मिळालेली एवढी एकच इस्टेट.) हा नियम मी एकदा, फक्त एकदा, मोडला असता, तर आमच्या हडपसरच्या सोसायटीतल्या चोवीस बिऱ्हाडांनी त्या गुरुवारी सकाळी पिण्याचं पाणी मोरीत ओतलं नसतं, आणि नंदावहिनींनी सगळ्या नातवंडांना मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या नसत्या.

आधी माझी ओळख करून देतो. मी अनिरुद्ध गोवंडे. मी लेखक आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. दिवसा मी एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क असतो आणि उरलेल्या वेळात साहित्याचा एकही प्रकार सोडत नाही. एक कवितासंग्रह स्वतः छापलाय. मंगळावरच्या पोस्टमनवर विज्ञानकथा लिहिलीय. शिवकालीन कादंबरीची प्रस्तावना पूर्ण झालीय. (कादंबरी व्हायचीय.) कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या चारशे अडुसष्ट दिवाणाखाली आहेत. दिवाणाचा डावा पाय मोडल्यापासून त्या बाजूचा सगळा भार माझ्या कवितेवरच आहे. गठ्ठे जरा कमी उंचीचे असल्यामुळे आमच्याकडे आलेला पाहुणा हळूहळू डावीकडे सरकत जातो, एवढंच.

दोन हजार एक साली आमची सोनाली आयटीत लागली आणि तिच्या कंपनीनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी घेऊन आली. "बाबा, आता तू टाईप कर," ती म्हणाली. "तुझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून तरी लोक वाचत नसतील." मी जोमानं कामाला लागलो आणि वर्षभरात 'गच्चीवरचा खून' ही रहस्यकादंबरी हातावेगळी केली. आता ती छापायची म्हटल्यावर माझी बायको श्यामला कमरेवर हात ठेवून दिवाणासमोर उभी राहिली.

"उजव्या बाजूचा पाय अजून शाबूत आहे," ती म्हणाली.

"अगं, ही खपेल! लोकांना रहस्य आवडतं."

"मग असं करू. दिवाळीची साफसफाई रविवारी काढायचीय. तोवर एका तरी माणसानं आपणहून येऊन तुम्हाला विचारलं पाहिजे, 'पुढे काय झालं?' म्हणून. नातेवाईक चालणार नाहीत. कोणी विचारलं तर कादंबरी छापा, मी एक अक्षर बोलणार नाही. नाही विचारलं, तर हे गठ्ठे रद्दीत, आणि तुमचं छापणं कायमचं बंद."

मी होकार दिला. (आमच्याकडे होकार मलाच द्यायचा असतो.) पण मनातून धसका घेतला. पंचवीस वर्षांत मला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. कवितेच्या बाबतीत तर लोक, पुढे काही होणार तर नाही ना, याच काळजीत असत.

आता यात सोसायटी कुठे आली? तर मी सोसायटीचा सचिवही आहे. बुधवारी आमचे चेअरमन सुखदेवराव यांनी नोटीस लावायला सांगितली. सुखदेवराव बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत काढून सहीशिक्क्यासकट निवृत्त झालेले, फार काटेकोर माणूस. मी दोन ओळी टाईप केल्या: 'गुरुवारी गच्चीवरील टाकीची सफाई असल्यामुळे पाणी बंद राहील. भरून ठेवावे.' दोन ओळींसाठी कोरा कागद वापरायला हात धजावेना. कादंबरीच्या जुन्या खर्ड्याचं त्रेचाळिसावं पान हाताशी होतं. त्याच्या पाठीवर नोटीस छापली, वॉचमन ज्ञानदेवच्या हातात दिली आणि झोपलो.

गुरुवारी दुपारी कचेरीत फोन आला. साहेबांच्या टेबलावरचा. पलीकडे आमच्या समोरच्या नंदावहिनी. आवाज थरथरत होता.

"भाऊजी, ते टाकीतलं प्रेत... कोणाचं हो?"

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. वाचक! नातेवाईक नसलेली, आपणहून फोन करणारी वाचक! श्यामलानं तिला पानं वाचायला दिली असणार, असं मी धरून चाललो.

"वकिलांचं!" मी आनंदानं म्हणालो. "दुसऱ्या मजल्यावरच्या."

"अगं बाई! तरीच चार दिवस दिसले नाहीत. कधीपासून आहे ते आत?"

"रविवारपासून."

"म्हणजे आम्ही चार दिवस तेच पाणी..."

"तीच तर सगळी गंमत आहे!"

"पोलिसांना कळवलंत?"

"छे छे! पोलीस इतक्यात आले तर मजा काय राहिली?"

"आणि... मारलं कोणी?"

"ते आत्ताच सांगायचं नसतं वहिनी. एवढंच सांगतो, तुमच्या रोजच्या ओळखीचा माणूस आहे."

पलीकडे फोन खाली पडल्याचा आवाज आला. केवढी समरस झाली आहे, असं मी साहेबांना सांगितलं, अर्धी रजा टाकली आणि पावशेर पेढे घेऊन बस पकडली.

फाटकाशी सगळी सोसायटी उभी होती. गच्चीवर दोन माणसं दोर आणि बादल्या घेऊन टाकीत डोकावत होती. कोणीतरी म्हणालं, "आले बघा." मी पेढ्यांचा पुडा उघडला आणि पहिला पेढा सुखदेवरावांपुढे धरला.

त्यांनी पेढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वकील गेल्याचे?"

"कुठे गेले?"

त्यांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. बोर्डावर त्रेचाळिसावं पान होतं, आणि माझी नोटीस भिंतीकडे तोंड करून होती. पान सुरू होत होतं ते असं: '...टाकीत प्रेत तरंगत होतं आणि सारी इमारत तेच पाणी पीत होती.' खाली, कोणी चोरू नये म्हणून मी प्रत्येक पानावर छापतो ती ओळ होती: 'अनिरुद्ध गोवंडे. सर्व हक्क स्वाधीन.'

"प्रेताचेही हक्क स्वाधीन?" सुखदेवरावांनी विचारलं.

"अरे ज्ञानदेव, हे उलटं लावलंस तू!"

"उलटं कसं, सायेब?" लोणी काळभोरचा ज्ञानदेव माझ्यावरच डाफरला. "येका बाजूला दोनच वळी व्हत्या. दुसरीकडं पान भरून मजकूर. म्हटलं, हीच खरी नोटीस हाय. येवढं कोण उगंच लिहील?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकातून रिक्षा आत आली आणि हातात बॅग घेऊन, गावाला गेलेले दुसऱ्या मजल्यावरचे वकील उतरले. नंदावहिनींनी जी किंकाळी फोडली, ती पार पलीकडच्या आयटी पार्कात ऐकू गेली असावी. वकिलांना काय झालं ते कळेना. सुखदेवरावांकडून सगळा प्रकार ऐकल्यावर ते पान त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "दावा लावता येईल. पण फिर्यादी मयत आहे, ही अडचण आहे."

संध्याकाळी तातडीची सभा झाली. टाकीतून चारेक बोटं गाळ, दोन चेंडू आणि एक चप्पल निघाली, म्हणून माझी शिक्षा जरा सौम्य झाली. मी उभं राहून सर्वांची माफी मागितली. 'सचिवांनी यापुढे पाठकोरे कागद वापरू नयेत' असा ठराव एकमतानं झाला. (तो मीच लिहून घेतला. कशावर, ते विचारू नका.)

घरी आल्यावर मी श्यामलाला म्हटलं, "नंदावहिनींनी विचारलं होतं."

"त्यांनी घाबरून विचारलं. ते धरायचं नाही."

रविवार उजाडला. रद्दीवाला तराजू घेऊन आला. पहिला गठ्ठा बाहेर निघाला तेव्हा दिवाण कण्हला, आणि खरं सांगतो, मीही. तेवढ्यात बेल वाजली. दारात सुखदेवराव. हातात त्रेचाळिसावं पान.

"पुन्हा एकदा माफ करा," मी घाईनं म्हणालो.

"माफी पुरे. या पानाच्या शेवटी कंपाउंडर गच्चीचं दार उघडतो आणि."

"आणि?"

"ते मी तुम्हाला विचारतोय, गोवंडे. दार उघडतो 'आणि', इथे पान संपलं. आज तीन दिवस झाले, माझं जेवणात लक्ष नाही. पुढे काय झालं?"

मी श्यामलाकडे पाहिलं.

"कंपाउंडरचा काही संबंध नाही हो," श्यामला सहज म्हणाली, "ते सगळं डॉक्टरच्या..."

"वहिनी, सांगू नका!" सुखदेवराव ओरडले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा आवाज चढला नसेल.

"तुला गं कसं माहीत?" मी विचारलं.

"वाण्याची यादी वर्षभर कशावर लिहितेय मी?" ती म्हणाली आणि रद्दीवाल्याकडे वळली. "दादा, तो गठ्ठा होता तिथे ठेवा. वर्तमानपत्रं तेवढी न्या."

त्या दिवसापासून दर रविवारी एक प्रकरण बोर्डावर लागू लागलं. ज्ञानदेव ते आधी स्वतः वाचून, सुलट बघूनच लावी. बोर्डापुढे गर्दी व्हायची. नंदावहिनी तर चष्मा घेऊन सगळ्यांत पुढे. मी गॅलरीतून बघत बसायचो, चहा गार व्हायचा. आयुष्यात एवढं सुख मला झालं नव्हतं. गुढीपाडव्याला कादंबरी छापून आली.

सोसायटीत एकानंही घेतली नाही. "वाचलीय की आम्ही, बोर्डावर," सगळे प्रेमानं म्हणाले. "फार छान आहे!" दिवाणाचा उजवा पाय काढून त्या बाजूला कादंबरीचे गठ्ठे रचले. आता पाहुणा अगदी सरळ बसतो.

नाही म्हणायला सुखदेवरावांनी एक प्रत विकत घेतली. माझी सही घेतली. आठ दिवसांनी जिन्यात भेटले.

"वाचली. पुन्हा वाचली. उत्तम आहे. फक्त पुढच्या पुस्तकासाठी एक सूचना आहे."

मी वही काढली. पंचवीस वर्षं मी अशा वाचकाची वाट पाहिली होती.

"एकाच बाजूला छापा," सुखदेवराव म्हणाले. "वाचून झाल्यावर पाठकोरं तरी उपयोगी पडेल."